चकाकी शेवटी बघायची : काठमांडू ते भोजपूर, खुकरी पारखण्याचे सात दिवस

पहिला दिवस : छाउनी, काठमांडू

स्वयंभूच्या टेकडीजवळ छाउनी भागात नेपाळचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. नेपाळचे पंतप्रधान भीमसेन थापा यांच्या काळातली ही इमारत मुळात शस्त्रागार. 1559 मध्ये गोरखा जिंकणारे राजा द्रव्य शाह यांची म्हणून सांगितली जाणारी खुकरी याच संग्रहात आहे. खुकरी (नेपाळीत खुकुरी) विकत घ्यायची असेल तर दुकानांच्या आधी इथे एक सकाळ काढावी. डोळ्याला आकाराची सवय लागते आणि ती पुढचे सहाही दिवस कामी येते.

जुनी पाती लांब, सडपातळ आणि खोल बाकाची असतात. आजच्या दुकानी मालाशेजारी ती नाजूक वाटतात. पण पाठ बघा : मुठीजवळ जाड आणि टोकाकडे हळूहळू निमुळती होत गेलेली. ही निमुळती जाडी घणानेच आणावी लागते, त्याला वेळ लागतो. घाईने केलेल्या खुकरीत पाठ मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीची राहते, मग वजन टोकाकडे सरकतं आणि दहा वार केले की मनगट भरून येतं. पात्याचं पोट, म्हणजे सर्वांत रुंद जागा, बाकाच्या पुढे टोकाकडच्या अर्ध्यात असायला हवं. बाक, पोट आणि टोक यांची रेषा कुठेही अडखळू नये. काचेतून एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

इथेच नावंही पाठ करून ठेवावीत, कारण पुढे गावात हीच लागतात. मूठ म्हणजे बिँड. म्यान म्हणजे दाप. मुठीजवळ धारेत जी छोटी खाच असते ती काउडी. म्यानाच्या मागे दोन लहान पाती खोचलेली असतात : धारेचा कर्दा किरकोळ कापाकापीला, आणि बिनधारेची चकमक धार सरळ करायला. आकारांची नावंही बोलकी आहेत. सिरु नावाच्या गवताच्या पातीसारखी सडपातळ ती सिरुपाते, रुंद पोटाची भोजपुरे, नक्षीदार म्यानाची धनकुटे. पाठीलगत पाणी वाहील अशी खोलगट पन्हाळ असेल तर अंखोला.

काउडीबद्दल बरंच सांगितलं जातं. कुणी तिच्यात महादेवाचा त्रिशूळ बघतं, कुणी गाईचं खूर, कुणी म्हणतं रक्त मुठीपर्यंत येऊ नये म्हणून ती असते. घेणाऱ्यासाठी तिचं महत्त्व वेगळं आहे. कारागिराचा हात ओळखायला अख्ख्या खुकरीत यापेक्षा चांगली जागा नाही. ते पाचव्या दिवशी येईल.

दुसरा दिवस : ठमेल आणि असन

ठमेलच्या गल्ल्यांत खुकरीची दुकानं ओळीने आहेत. भिंतभर आरशासारखी पाती, सिंह आणि ड्रॅगन कोरलेले, पितळी ठोकळे, शिंगाच्या मुठी. इथे वाईटच माल मिळतो असं नाही. एकाच भिंतीवर कामाची खुकरी आणि शोभेची खुकरी शेजारी टांगलेल्या असतात आणि दोन्ही सारख्याच चमकतात, अडचण एवढीच आहे. म्हणून आमचा नियम साधा आहे : चकाकी शेवटी बघायची. आधी जिथे पॉलिशचं चाक पोचत नाही त्या जागा बघायच्या.

म्यानातून काढण्यापासूनच सुरुवात होते. म्यान डाव्या हातात घेताना बोटं धारेच्या बाजूला वळवू नका. अंगठा आणि बोटं म्यानाच्या दोन सपाट अंगांवर, तळवा पाठीकडे. म्यान म्हणजे आतून दोन लाकडी फळ्या आणि वरून कातडं. खुकरी ओढताना धार फळ्यांच्या सांध्यावर दाबली गेली तर ती सरळ बाहेर येते, आणि तिथे बोट असेल तर बोटावर येते. म्यानाच्या तोंडाशी पहिले दोन-तीन इंच सावकाश, मग उरलेलं एका लयीत. परत घालताना पाठ म्यानाच्या पाठीला टेकवून सरकवायची.

हातात आल्यावर खुकरी बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरा, पाठ वर. मुठीपासून टोकापर्यंत पाठीची रेषा दोरीसारखी सरळ दिसली पाहिजे. पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं कडक व्हायला पाण्याने थंड करताना, ते वळलं असेल तर इथेच कळतं : मध्यापर्यंत रेषा सरळ आणि पुढे टोक किंचित डावीकडे किंवा उजवीकडे. हलका वळसा लोहार थंड पात्यावर ठोकून काढू शकतो. पात्याला पीळ असेल, म्हणजे पाठ एकीकडे आणि धार दुसरीकडे झुकलेली असेल, तर ती खुकरी खाली ठेवा.

मग मूठ सैल धरून पाठीवर नखाने टिचकी मारा. स्वच्छ, थोडा वेळ घुमणारा आवाज यायला हवा. आवाज बसका आला तर दोनच कारणं : मूठ आतून सैल आहे, किंवा पात्यात कुठेतरी चीर आहे. दोन्हींपैकी नेमकं काय ते ठरवायला मूठ घट्ट पिळून बघा. चर्रर्र असा बारीक आवाज आला की मुठीत पातं चिकटवून ठेवणारी लाख सुटली आहे.

लोहचुंबक घेऊन फिरणारे बरेच भेटतात. चुंबक चिकटलं म्हणजे चांगलं पोलाद, असा त्यांचा समज असतो. स्टेनलेसचे कितीतरी प्रकार चुंबकाला चिकटतात, आणि साधं बांधकामाचं लोखंड तर चिकटतंच. चुंबकाने काहीच सिद्ध होत नाही. खिशात ठेवायची तर बारीक दाताची छोटी तिकोनी कानस ठेवा. दुकानदाराला विचारून ती पोटाच्या धारेवर, अगदी कडेला, हलकी फिरवा. कानस काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर धारेला पाणी नीट आहे. तीच कानस पाठीवर फिरवली की ती धरली पाहिजे, बारीक कीस पडला पाहिजे. धार कडक आणि पाठ मऊ, हा खुकरीचा प्राण आहे. दोन्हीकडे कानस धरत असेल तर ती शोभेची. दोन्हीकडे घसरत असेल तर संपूर्ण पातं कडक केलेलं आहे आणि जोराच्या घावात ते मधून तुटू शकतं. कामाची खुकरी विकणारा कानस लावायला सहसा नाही म्हणत नाही.

खुकरी पूर्ण स्टेनलेसची असेल तर ती भिंतीवर टांगण्यापुरती घ्यावी. गावठी भट्टीत तापवून आणि किटलीने पाणी सोडून (ते पाचव्या दिवशी येईल) स्टेनलेसला नेमकं पाणी देता येत नाही, त्याला मोजलेल्या तापमानाची भट्टी लागते.

दुपारी असन ते केलटोल हा जुना बाजार. तांब्या-पितळेच्या भांड्यांमध्ये इथे घरगुती हत्यारंही दिसतात : विळे, कुऱ्हाडी आणि साध्या खुकऱ्या. लाकडाची मूठ, पाठीवर घणाच्या खुणा, पॉलिश नाही. ठमेलच्या मालानंतर ही ओबडधोबड वाटतात, पण काळे डाग आणि घणाच्या खुणा असलेल्या पात्यात निदान लपवाछपवी नसते. आपल्याकडचा कोयता घेताना कुणी त्याची चमक बघत नाही, धार आणि मूठ बघतो. तीच नजर इथे ठेवावी.

तिसरा दिवस : धरान

काठमांडूहून विराटनगरला विमान पाऊण तासात पोचतं. तिथून उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर, डोंगर जिथे सुरू होतो तिथे, धरान. 1980च्या दशकाअखेरपर्यंत ब्रिटिश गुरखा भरतीचा मोठा तळ इथे घोपा कॅम्पात होता. आता त्या जागी बी. पी. कोइराला आरोग्य विज्ञान प्रतिष्ठान आहे. भरती झालेल्या प्रत्येक गुरखा जवानाला दोन खुकऱ्या मिळतात, एक परेडची, एक रोजच्या सरावाची. या मागणीमुळे धरानमध्ये मोजून-मापून, एकसारख्या खुकऱ्या करणारे कारखाने उभे राहिले.

धरानमध्ये वीज आहे, पंख्याचा भाता आहे, साणेची मोटर आहे. त्याने कामाला वेग येतो. पण खुकरी बिघडते ती बहुतेक वेळा याच मोटरवर. पाण्यात न बुडवता पातं साणेवर धरलं की पातळ धार क्षणात तापते. 220-230 अंशांना पोलादावर गवती पिवळा रंग येतो, 300 च्या आसपास निळा. निळा आला म्हणजे त्या जागेचा कडकपणा गेला. दुःख हे की पुढच्या पॉलिशमध्ये निळा रंग पुसला जातो आणि मऊपणा तसाच राहतो. अशा पात्याला घरी धार लावली तर एखाद्या इंचभर जागीच ती पुन्हा पुन्हा बसते, म्हणजे बोथट होते, बाकी सगळी टिकते. म्हणून कानस फक्त पोटावर एका जागी न लावता तीन-चार ठिकाणी लावायची.

चांगल्या कारखान्यात साणेशेजारी पाण्याची बादली असते आणि कारागीर दर दोन-तीन फेऱ्यांनंतर पातं बुडवतो. उघड्या हाताने, हातमोज्याशिवाय धरतो. हाताला चटका बसायच्या आत थांबायचं, हे त्याचं माप. बादली दिसली नाही तर दुसरं दार बघा.

साण फिरवणाऱ्याचा हात कळतो तो पोटावर. पातं आडवं धरून दिव्याचं प्रतिबिंब धारेच्या उतारावरून सरकवा. प्रतिबिंब सलग वाहिलं पाहिजे. मध्येच ते तुटलं किंवा फुगलं तर तिथे खड्डा आहे, चाक जास्त वेळ एका जागी थांबलं होतं. आणि चाक थांबतं तिथेच पोलाद जळतं, म्हणून खड्डा दिसला की कानस आधी तिथे लावायची.

वजन आणि माप : दहा-अकरा इंचांच्या पात्याची रोजच्या कामाची खुकरी साधारण 500 ते 700 ग्रॅम असावी, मुठीजवळ पाठ आठ-नऊ मिलिमीटर. किलोभराची खुकरी हातात भारदस्त वाटते, पण ती थकवते.

चौथा दिवस : धरान, भेडेटार, धनकुटा, हिले, भोजपूर

आजचा दिवस रस्त्याचा. धरानहून चढ सुरू होतो, भेडेटारला थंडी लागते, मग मूलघाटला तमोर नदीपर्यंत उतार आणि पुन्हा चढून धनकुटा. हे पन्नासेक किलोमीटर वळणावळणाचे आहेत. हिलेनंतर अरुण नदीच्या लेगुवाघाटापर्यंत खाली, आणि पलीकडे भोजपूरचा चढ. पावसाळ्यात या टप्प्यात दरडी कोसळतात, ऑक्टोबरनंतरच यावं. दसैंच्या, म्हणजे आपल्या दसऱ्याच्या, आधीचे पंधरा दिवस मात्र टाळा. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजतात तशी नेपाळातही पुजतात, शिवाय दसैंला बळी देतात. त्या दिवसांत प्रत्येक भट्टीवर गावभरच्या हत्यारांना धार लावायची रांग असते आणि नव्या कामाला कुणी हात घालत नाही.

पाचवा दिवस : भोजपूर, आरनावर

लोहाराच्या भट्टीला नेपाळीत आरन म्हणतात आणि लोहार म्हणजे कामी किंवा विश्वकर्मा. पिढ्यान्‌पिढ्या हा समाज अस्पृश्य मानला गेला. 1963 च्या मुलुकी ऐननंतर (नेपाळच्या कायदेसंहितेनंतर) जातिभेदाला कायद्याची मान्यता उरली नाही, तरी गावांत तो पुष्कळ टिकला. देशाच्या मानाचं हत्यार ज्यांच्या हातून घडतं त्यांनाच घराबाहेर उभं केलं गेलं, हे भोजपूरला येणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं आणि भाव करताना तर नक्कीच.

इथे बालीघरे नावाची पद्धत होती, काही गावांत अजून आहे. लोहाराने वर्षभर गावाची अवजारं करायची, दुरुस्त करायची आणि सुगीला घरटी धान्य घ्यायचं. आपलं बलुतं ते हेच. गुणवत्तेच्या दृष्टीने यात एक मोठी गोष्ट होती. वाईट पाणी दिलेली खुकरी आठवड्यात त्याच आरनावर परत यायची आणि फुकट दुरुस्त करून द्यावी लागायची. पर्यटक परत येत नाही. ठमेलच्या भिंतीवरचा आणि इथला फरक पोलादात कमी आणि या परत येण्यात जास्त आहे.

पोलाद बहुतेक ट्रक-बसच्या कमानीच्या पाट्यांचं. जुना पाटा उत्तम पोलाद असतो, पण त्याने लाखो हादरे खाल्लेले असतात आणि मधल्या बोल्टच्या भोकाभोवती केसासारख्या चिरा असू शकतात. जाणता कारागीर भोकाच्या दोन्ही बाजूंचे दोन-तीन इंच तोडून टाकतो. ते तुकडे भट्टीच्या कोपऱ्यात पडलेले दिसले तर समाधान मानावं.

आरनावर निदान तिघं लागतात : एक भात्यावर (इथे त्याला खलाँती म्हणतात), एक घणावर, एक सांडशीवर. कोळसा लाकडाचा. तुकडा नारिंगी झाला की ऐरणीवर, लाल उतरला की परत आगीत. पातं भट्टीत विसरलं आणि त्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या तर ते जळालं. थोडं कमी तापलं पण फार वेळ तापलं, तर ठिणग्या उडत नाहीत आणि आतले कण मात्र मोठे होतात. अशी खुकरी दिसायला ठीक आणि तुटायला सोपी. आरनावर मोडलेला तुकडा मागून बघा. मोडलेली बाजू करडी, मखमलीसारखी बारीक असली तर हात चांगला. साखरेसारखे चमकणारे दाणे दिसले तर आग जास्त होते आहे.

आकार आला, काउडी छिन्नीने पाडली, कानशीने साफ झाली, की मग ज्यासाठी इथवर यायचं ते काम : पाइन. मराठीत आपण धारेला पाणी पाजणं म्हणतो, तेच.

तोवर दार ओढून घेतलेलं असतं, कारण पात्याचा रंग अंधारातच वाचता येतो. पातं धारेकडून सारखं लाल होईपर्यंत तापवतात. मग ते सांडशीत धार वर करून धरतात आणि चहाच्या किटलीच्या तोटीतून पाण्याची बारीक धार पात्याच्या धारेवर सोडतात. सुरुवात पोटापासून. तोटी पुढे टोकाकडे, मग मागे, काउडीच्या अलीकडे थांबून परत पुढे. पाण्याचा चर्र आवाज, वाफ, आणि लाल पात्यावर काळी कड उमटत जाते. पाठीवर पाणी पडू द्यायचं नाही. सगळं काही सेकंदांत संपतं.

कौशल्य खरं पुढच्या अर्ध्या मिनिटात आहे. धार थंड आणि काचेसारखी कडक झालेली असते, इतकी की आपटली तर टवका उडेल. पाठीत मात्र उष्णता शिल्लक असते आणि ती हळूहळू धारेकडे परत येते. कारागीर धारेचा एक पट्टा दगडावर घासून उजळ करतो आणि टक लावून बसतो. उजळ पट्ट्यावर फिकट पिवळा येतो, मग गवती, मग तपकिरीची चाहूल. तिथे तो पुन्हा दोन थेंब पाणी टाकून उष्णता अडवतो. उशीर झाला तर जांभळा-निळा येतो आणि धार मऊ पडते. लवकर अडवलं तर धार ठिसूळ राहते. भट्टीतून एकदाच काढलेल्या पात्याला पाणी देणं आणि त्याचा ठिसूळपणा उतरवणं, दोन्ही एकाच तापात होतं. हे काम तापमापकाशिवाय, रोज, अचूक करणाऱ्या माणसापुढे हात जोडावेत असं वाटतं.

यातूनच दोन गोष्टी समजतात. एक, पोट सर्वांत कडक, टोक थोडं कमी, आणि काउडीलगतचा इंच-दीड इंच सर्वांत मऊ. तिथे कानस धरली म्हणून खुकरी वाईट ठरत नाही. पाणी काउडीपर्यंत नेलं तर खाचेच्या कोपऱ्यात चीर जाते, म्हणून ते मुद्दाम अलीकडे थांबवलेलं असतं. दुसरं, आगीमुळे पोलादाच्या वरच्या पातळ थरातलं कार्बन जळून जातं. त्यामुळे नव्या खुकरीची पहिली धार कधीकधी पटकन बसते. दोन-तीनदा नीट धार लावून तो थर गेला की खालचं खरं पोलाद लागतं. पहिल्याच धारेवरून निकाल देऊ नका.

आता काउडी. खाचेचे आतले कोपरे गोलसर असावेत. छिन्नीचा तीक्ष्ण कोपरा तसाच राहिला असेल तर चीर तिथूनच सुरू होते. चीर डोळ्यांना दिसत नाही, पण आरनावरचीच एक युक्ती आहे. खाचेवर रॉकेलचं बोट फिरवा, पाच मिनिटं थांबा, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि वरून खडू घासा. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल खडूत उमटतं आणि पांढऱ्यावर केसासारखी ओली रेघ दिसते. रेघ धारेकडून पाठीकडे जात असेल तर ती खुकरी कितीही सुंदर असो, सोडा.

शेवटची परीक्षा पितळेच्या गोल सळीवर. सळी टेबलावर ठेवा आणि धार तिरपी, साधारण धार लावायच्या कोनात, हलक्या दाबाने तिच्यावरून ओढा. धार सळीवर किंचित वाकते आणि सुटली की सरळ होते, हे उजेडात दिसतं. वाकलेलीच राहिली तर पाणी कमी. टवका निघाला तर पाणी जास्त. त्यानंतर वाळक्या बांबूच्या पेरावर पाच-सहा घाव. बांबूचं पेर कठीण असतं आणि धारेचं खरं रूप दाखवतं.

सहावा दिवस : टक्सार, मूठ आणि म्यान

भोजपूरजवळच टक्सार. नाव म्हणजे आपली टांकसाळ, इथे पूर्वी नाणी पाडली जात. पितळ आणि काशाचं ओतकाम इथलं नावाजलेलं, तोटीचा करुवा, म्हणजे पाण्याचा तांब्या, तर घरोघरी. मुठीपुढचं पितळी कडं कसं बसवलंय ते बघायची नजर इथे तयार होते. कडं पात्याला घट्ट, वरून भरलेल्या लुकणाशिवाय बसलं पाहिजे. फट झाकायला लाख किंवा रंगीत लुकण भरलं असेल तर नखाने खरवडून बघा.

मुठीचे दोन प्रकार. एकात पात्याची शेपटी निमुळती होऊन मुठीच्या आत जाते आणि बुडाला पितळी टोपीवर ठोकून चेपलेली असते. दुसऱ्यात शेपटी मुठीच्याच रुंदीची असते आणि दोन्ही अंगांना लाकडाचे किंवा शिंगाचे तुकडे रिव्हेटने बसवलेले असतात. जोराच्या कामाला दुसरा प्रकार भक्कम, पण मूठ हाताला थोडी बारीक-चपटी वाटते आणि घावाचा हादरा जास्त येतो. पहिल्या प्रकारात बुडाच्या टोपीवर चेपलेल्या शेपटीचा ठिपका दिसायला हवा. दिसत नसेल तर शेपटी अर्ध्यातच संपली आहे आणि मूठ केवळ लाखेवर उभी आहे.

शिंग दिसायला सुंदर, काळं, तुळतुळीत. पण म्हशीचं शिंग कोरड्या हवेत आकसतं, आणि कड्याजवळ उभी चीर जाते. लाकूड, विशेषतः शिसवी, जास्त भरवशाचं. लाख थंडीत ठिसूळ होते आणि उन्हात तापलेल्या गाडीत मऊ पडते. खुकरी गाडीत ठेवू नये, हे विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

मूठ घेताना मुठीच्या मध्यावरचा उंचवटा तुमच्या मधल्या बोटांत बसतो का ते बघा. नेपाळी मुठी लहान असतात. मोठ्या हाताच्या माणसाने पंजा पुरतो का हे पाहूनच घ्यावी, नाहीतर करंगळी बुडाच्या टोपीवर आपटत राहते.

म्यानाचं कातडं म्हशीचं, परंपरेने सार्की समाजाचं काम. खुकरी म्यानात घालून उलटी धरा. ती आपल्या वजनाने सुटू नये, आणि काढताना झटका द्यावा लागू नये. आत लाकडाच्या फळ्या नीट घासलेल्या नसतील तर पात्याच्या पोटावर आडवे ओरखडे उठलेले दिसतात. कर्दा आणि चकमक बघायला विसरू नका. चकमकीवर कानस घसरली पाहिजे, कारण खुकरीची धार सरळ करायला ती धारेपेक्षा मऊ असून चालणार नाही. साध्या लोखंडाची चकमक असली तर समजावं की बाकी ठिकाणीही हात आखडलेला असणार.

सातवा दिवस : परतीचा रस्ता

टक्सारला छोटा विमानतळ आहे, पण उड्डाणं हवामानाच्या भरवशावर. आम्ही रस्त्यानेच विराटनगर गाठलं. विमानात खुकरी फक्त सामानात द्यायची, हातातल्या बॅगेत कधीही नाही. टोकावर जाड पुठ्ठा, वरून कापड, आणि सामान देताना आधीच सांगून टाका.

भारतात आणताना एक गोष्ट माहीत हवी. आपल्या शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांत खुकरीचं नाव घेऊन उल्लेख आहे. घरगुती आणि शेतीच्या कामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत, आणि परवान्याची गरज त्या भागाला लागू असलेल्या अधिसूचनेवर ठरते. म्हणून आधी आपल्या पोलिस ठाण्यात चौकशी करून निघावं, बिल सांभाळावं. स्वयंपाकघरात किंवा शेतावर वापरायची असेल तर आठ इंचांची खुकरी पुरते आणि हाताला हलकीही पडते.

घरी पोचल्यावर आधी पात्यावरचं वाहतुकीचं तेल पुसा. धार लावताना मशीन नको. खुकरीची धार दोन्हीकडून किंचित फुगीर असते, सपाट दगडावर ती फुगी जाते आणि पोट पातळ पडतं. रबराच्या मऊ तुकड्यावर 400 आणि मग 1000 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, धार मागे ओढत, मुठीकडून टोकाकडे न्या. रोजच्या कामाला चकमकीच्या पाच-सहा फेऱ्या पुरतात. लिंबू, चिंच, कांदा कापला तर लगेच धुऊन कोरडं करा, हे पोलाद गंजतं. लिंबाच्या रसाचा एक फायदा मात्र आहे : पातं स्वच्छ करून रस मिनिटभर लावून ठेवला की धारेजवळचा कडक पट्टा आणि वरचा मऊ भाग यांच्यातली सीमारेषा उमटते. पोटाशी रुंद, काउडीकडे विरत जाणारी. किटलीची तोटी कुठून कुठे फिरली होती ते त्या रेषेत वाचता येतं.

कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर खुकरी म्यानात ठेवू नये. कातडं ओल धरतं आणि पातं आतून ठिपक्या-ठिपक्यांनी गंजतं. पात्याला पातळ खोबरेल लावून, सुती कापडात गुंडाळून वेगळी ठेवा, म्यान वेगळं. मुठीच्या लाकडाला जवसाचं तेल वर्षातून दोनदा. पाऊस संपला की मूठ आणि पितळी कडं यांच्या सांध्यावर नख फिरवून बघायचं. नख अडकलं तर खंडेनवमीच्या आधी लाख तापवून सांधा पुन्हा बसवून घ्यायचा.